जूनच्या आधी

आष्टी,
ता. १९ ऑक्टोबर १९९७

तीर्थरूप दादास मनकर्णाचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. बाजरी घरात आली, दाणा बारीकच आहे. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तू पेन्शनीत निघाल्यापासून अंगाने सुटलास म्हणे. सुट बाबा, आता तुझे दिवसच आहेत.

आमच्या ह्यांचे मात्र विचित्र चालले आहे. हृदय कमजोर झालेय, तलावावरची चौकीदारी सोडा, असे डॉक्टरांनी बजावले. आत्ता सोडली तरी पेन्शन मिळते हे तूच सांगितलेस. पण हे रोज सायकल काढतात. जूनमध्ये निवृत्त व्हायचेच आहे, तोवर घाई कशाला, म्हणतात. मीही आल्यागेल्याला तेच सांगते.

तुला खरे सांगते. परवा त्यांचा खाकी सदरा भिजवला तर खिशातून हृदयाच्या गोळ्या निघाल्या, मूठभर. रोज माझ्यासमोर पाण्याचा घोट घेतात आणि गोळी खिशात टाकतात.

विचारले तर शांतपणे म्हणाले, "भरती बंद हाय. सत्यम बी.ए. होऊन घरी बसलाय. मी नोकरीत असताना गेलो तर त्याला माझ्या जागी घेतील. जूननंतर मेलो तर कुणी इचारणार न्हाई. तू कशापायी रडतीस?"

मला इतका राग आला दादा, की ओला सदरा तसाच त्यांच्या अंगावर फेकला.

सत्यम दारातच होता. "बापू, तुमच्या जिवावरची नोकरी मला नको," एवढेच बोलला आणि दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला गेला. पोराच्या हाती कोयता येऊ नये म्हणून ह्यांनी जन्मभर तलाव राखला. ट्रक गेला त्या वाटेकडे बराच वेळ बघत उभे होते. मला वाटले, आता तरी ऐकतील. आज पुन्हा सायकल काढली. म्हणाले, "आता तर त्याला सोडवायलाच पायजे."

भाऊबीजेला साडी आणू नकोस. निवृत्तीच्या अर्जावर ह्यांची सही घे, तीच माझी ओवाळणी. तू त्यांच्याच खात्यातला, तुझे ते ऐकतात. घरची गोळी मी तोंड उघडायला लावून बघते, पण दुपारची ते तलावावर घेतात, तिथे मी नसते.

उशीर केलास तर सत्यमला नोकरी लागेल.

तुझी, अजून सौ. असलेली,
मनकर्णा