दादाची गाडी आणि आईचे देव

रविवार, संध्याकाळ

दादा पुण्याहून आमच्याकडे ग्वाल्हेरला चाकांवरचं घर भाड्यानं घेऊन आला. आत पलंग, शेगडी, न्हाणीसुद्धा. आईला वाटलं, आपल्याला पुण्याला न्यायलाच आला. तिनं देव्हाऱ्यातले देव डब्यात भरून बरोबर घेतले. देव! म्हणजे कायमचीच निघाली होती, आणि हे दादाला कळू नये?

ग्वाल्हेरबाहेरच्या एका तोललेल्या शिळेपाशी गाडी थांबली. "बघ आई, केवढा दगड नुसत्या टोकावर उभा आहे!"

आई देवांचा डबा मांडीवर धरून बसलेली. "पुण्याला कधीपर्यंत पोचू रे?"

"पुण्याला? अगं, आपण दगड बघायला आलोय. तिकडे फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे?" हे तो गाडीतल्या पलंगावर पाय पसरून म्हणाला.

घरी परतल्यावर मी तोंड उघडणार, तोच आई कानाशी पुटपुटली, "त्याला काही बोलू नकोस हं. रागावला तर येणंही सोडेल."