गोळ्यांची बेगमी

४ मार्च
शाळा सुटल्यावर नातीला आणायला विसरलो. तासभर पोर फाटकाशी उभी – आणि मी खिडकीशी चित्र काढत बसलेलो. लेक एवढंच म्हणाली, "झालं का बाबा, चित्र पुरं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि पुरं झालं होतं, याचा आनंदही. काय माणूस आहे मी!

५ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे. बायको सोबत. हिनं सगळं सांगून टाकलं – शाळेचं, न जेवता तशीच राहिलेली ताटं, चित्रांनी भरलेल्या भिंती. बाई म्हणाल्या, कंपवाताच्या गोळीनं मेंदूतलं डोपामिन वाढतं. एरवी मेंदू "हे नको, ते बरं दिसत नाही" म्हणत अडवतो, तो अडवायचा थांबतो. कुणाकुणाला मग चित्रं सुचतात. पण थांबताच येत नाही. पुढच्या महिन्यापासून दुपारची गोळी बंद. तिनाच्या दोन.
"आणि चित्रं?"
"सांगता येत नाही, काका. दार गोळीनं उघडलं असेल, पण रोज बसता तुम्ही. ठरल्या वेळी बसा, चाला, झोपा. चुकलं तर खोडू नका."
त्यांचं काय जातंय सांगायला.

६ मार्च
अडतीस वर्षं कचेरीत गटारांचे नकाशे काढले. पट्टी धरून. स्वतःची अशी एक रेघ नाही. पासष्टाव्या वर्षी गोळी सुरू झाली आणि गटारांतून जिराफ निघाले! ते परत गेले तर? पुन्हा तसं कोरडं जगायला मला नाही जमायचं.
दुपारची गोळी जिभेखाली धरली. हिची पाठ वळल्यावर शाईच्या जुन्या डबीत टाकली. रोज एक साठवायची. पुढं बेगमी हवी.

१५ मार्च
दुपारी हात फार कापतो. रेघ पळते तिकडे पळू देतो. हिला वाटतं दुखणं वाढलं. वाढलंही असेल. मग तर डबी भरायलाच हवी.

२२ मार्च
पाइपातून अर्धा बाहेर आलेला माणूस काढला. नकाशावाल्याची खोड – उजव्या कोपऱ्यात चौकट करून तारीख घातलीच. नात म्हणाली, "आजोबा, हा इतके दिवस आत काय करत होता?" शाळेच्या त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा आपणहून माझ्याशी बोलली.
हे सगळं जाणार. नऊ दिवस उरले.

२९ मार्च
ब्रश हातात धरून रडलो. हिनं पाहिलं. "अहो, चित्रं नव्हती तेव्हाही तुम्ही होतातच की."
होतो. त्याचाच तर घोर लागलाय.

३१ मार्च
हिला डबी सापडली. ओरडली नाही. टेबलावर ओतून मोजल्या – पंचवीस.
"म्हणजे पंचवीस दिवस तुम्ही दोनच घेताय?"
मी भिंतीपाशी गेलो. चष्मा लावून एकेका कोपऱ्यातली तारीख वाचली. सहा मार्चनंतरची अकरा चित्रं. पाइपातला माणूस त्यातलाच.
आजची दुपारची गोळी हिच्यासमोर डबीत टाकली.