भेव लागते म्हण

माय, तुला जाऊन बावीस वर्षं झाली. तू होतीस तोवर तुला पत्र लिहायची वेळच आली नाही, लग्न करून अकोल्याला आले तरी दर पंधरा दिवसांनी अमरावतीच्या एसटीत बसायचेच. आज लिहिते आहे, कारण मागच्या वर्षी माझ्यावर जे गुदरलं ते घरात कुणाला धड सांगता आलेलं नाही.

पावसाळा सरत आला होता. वर्गात फळ्यावर लिहिताना हातातून खडू पडला. उचलायला वाकले ती उठताच येईना. मुलींनी धरून खुर्चीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी पाय गेले, मग हात, मग पाणी गिळता येईना. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, जीबीएस. माणूस बरा होतो, पण किती दिवसांत ते सांगता येत नाही. त्याच संध्याकाळी श्वास पुरेना, तेव्हा घशात नळी घालून मशीन जोडलं. नंतरचे सव्वीस दिवस मी छताकडे बघत पडून होते. शुद्ध पूर्ण होती, माय. सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं, दुखायचंही. कपाळावर माशी बसली की ती आपणहून उडेपर्यंत वाट बघायची. हलत होत्या फक्त पापण्या. एकदा मिटल्या म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. लेक भेटायच्या वेळेत यायची आणि विचारायची, आई, थंडी वाजते का, कूस बदलायची का, बाबांना बोलावू का. मी हो-नाही करायची. पण मला जे सांगायचं होतं ते कुणी विचारतच नव्हतं. आणि न विचारलेल्याचं उत्तर देण्याची सोय नव्हती.

विचारलं ते चांदूर बाजारच्या एका नर्सनं. माझ्या लेकीएवढीच असेल. सकाळी तोंड पुसता पुसता सहज म्हणाली, "मॅडम, भेव लागून राहिलं का तुमाले?" मी पापणी मिटली. ती पुसायची थांबली. "लागनच. लागू द्या," म्हणाली आणि पुन्हा पुसायला लागली. तिच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला वसतिगृहाची कोठी आठवली.

मी आठ वर्षांची आहे. तू मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करतेस, मी शाळा सुटली की तुझ्याजवळ. गव्हाच्या पोत्यांमागे खेळता खेळता मला झोप लागते आणि रेक्टरबाई न बघता कोठीला कुलूप लावून, चावी पर्समध्ये टाकून बडनेऱ्याला निघून जातात. जाग येते तेव्हा काळोख, भादव्याचा उकाडा आणि पोत्यांचा कोंदट वास. मी दारावर लाथा मारते. तू पलीकडून म्हणतेस, "मी इथंच बसली हावो. बाई आल्या का उघडतो." मी किंचाळतच राहते, तेव्हा तू म्हणतेस, "देवाले सांग."

"इथं देव नाही. अंधार हाये."

"मलेबी नाही दिसत तो. मी तं उजेडात हावो. तरी बोलतोच ना त्याच्यासंगं."

"काय बोलू?"

"भेव लागते म्हण. दुसरं काय बोलतं?"

दोन-अडीच तास तू दाराला पाठ लावून तांदूळ निवडत बसलीस. सुपाचा आवाज येत होता. भीती गेली नव्हती, पण मी लाथा मारायची थांबले होते.

हे आठवलं आणि लगेच दुसरंही आठवलं, ते टाळता येईना. पळून जायला पायच नव्हते. बाबा काविळीनं अकरा दिवसांत गेले, तेव्हा मी कॉलेजात होते. तेरवी झाली त्या दुपारी मी स्टुलावर चढून चुलीवरची देवीची तसबीर काढली आणि ट्रंकेत पालथी टाकली. "हिनं काय केलं आपल्यासाठी?" असं तुला विचारलं. मला वाटलं, तू मारशील. तू ट्रंक उघडलीस, पदरानं काच पुसलीस. "तुले नसन मानायचं तं नोको मानू," म्हणालीस. "पण माह्या हातातलं काहून हिसकून राहिली?" मग स्टुलावर चढून ती जागच्या जागी लावलीस आणि कणीक मळायला बसलीस. त्या दिवसाबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. माफी मागायला मला बारा-तेरा वर्षं मिळाली होती. मी मागितली नाही.

म्हणून त्या पलंगावर देवाचं नाव घ्यायचीही मला लाज वाटत होती. आता अडकले तेव्हा कोणत्या तोंडानं बोलवायचं? पण एका दुपारी नळीत कफ अडकला. मशीन वाजायला लागलं, छाती ताणली गेली, हवा येईना. तीच नर्स शेजारच्या पेशंटजवळ होती, तिची पाठ मला दिसत होती, आणि मला हाक मारता येत नव्हती. ती वळून धावत आली, नळी साफ केली, सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल. तेवढ्यात मी मनात एकच वाक्य म्हणाले. माफी नाही, नवस नाही. भेव लागते. ते कुणाला म्हणते आहे हे मला माहीत होतं.

उत्तर आलं नाही. उजेड वगैरे काही दिसला नाही. हवा आली ती त्या पोरीच्या हातानं. पण त्यानंतर रोज, मशीनच्या आवाजाबरोबर, मी तेच म्हणत राहिले, आणि तेवढ्यानं दुपार निभायची. सत्ताविसाव्या दिवशी नळी निघाली, मग महिनाभरानं उजव्या पायाचा अंगठा हलला. आता काठी घेऊन शाळेत जाते. डावं पाऊल अजून घासतं. चहाचा कप हातात थरथरला तरी वाटतं, दुखणं परत आलं. दार उघडलं, माय, पण मी पूर्ण बाहेर आले असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात लेकीनं भाजी निवडताना विचारलं, "आई, तू तर देव मानत नाहीस. मग तेव्हा कशाच्या जोरावर राहिलीस?" मी म्हणाले, "डॉक्टर चांगले होते." तिनं मान हलवली, तिला पटलं.

डॉक्टर चांगले होतेच. पण तिला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मी रोज दाराला कडी लावून न्हाणीघरात म्हणते, नळ मोठा सोडून, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.