रिव्हर्स पडत नाही

दि. १६ मार्च, रविवार
आजपासून गाडीची रोजनिशी सुरू. सेकंडहँड गाडी घेणाऱ्या माणसाला शिस्त पाहिजे.

सकाळी सासूबाई सांगोल्याहून आल्या, खास गाडी बघायला. त्यांना पार्किंगमध्ये नेऊन पूर्ण माहिती दिली. पाच गिअर पुढं जायला, एक मागं यायला. मागं यायचं असेल तर मुठीखालची रिंग बोटांनी वर उचलायची आणि मग दांडा सरकवायचा. चुकून कुणी रिव्हर्स टाकू नये म्हणून ही सोय. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेच्या पिशवीतून काळ्या लोकरीचा दोरा काढला. स्वतःच्या मेंढीची लोकर, स्वतः पिळलेली. नजर लागू नये म्हणून गिअरच्या दांड्याला, मुठीच्या बरोबर खाली, करकचून बांधला. प्रियंका म्हणत होती आरशाला बांध. सासूबाईंचं म्हणणं, माणसाचा हात जिथं जातो तिथंच बांधायचं असतं. मला पटलं. दिसतोही छान.

संध्याकाळच्या एसटीनं त्या परत गेल्या. जाताना विषय निघाला. प्रियंकाची बदली मंद्रूपकडच्या उपकेंद्रात झाली आहे. आरोग्यसेविका आहे, १ एप्रिलला हजर व्हायचं. एसटीची वेळ जुळत नाही, म्हणून गाडी ती नेणार आणि मी स्कूटीवर ऑफिसला जाणार, असं आमचं ठरलेलं आहे. लायसन्स तिनं जानेवारीतच काढलं. माझी काहीच हरकत नाही. मी नव्या विचारांचा माणूस आहे. फक्त गाडी शंभर टक्के फिट असली पाहिजे, एवढंच.

दि. १७ मार्च, सोमवार
गाडी शंभर टक्के फिट नाही.

सकाळी रिव्हर्स पडेना. रिंग वरच येत नाही. गाडीचं तोंड कंपाऊंडच्या भिंतीला, त्यामुळं रिव्हर्सशिवाय बाहेर निघायचा मार्ग नाही. वॉचमन आणि शेजारचे महेश्वर यांनी बॉनेटला खांदा लावून मागं ढकलली. महेश्वर बँकेतून रिटायर झालेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. कपाळाचा घाम पुसत त्यांनी विचारलं, रोज ढकलायची आहे का. म्हटलं, छे, एक-दोन दिवस.

दुपारी ऑफिसात व्हिडिओ बघितले. निदान झालं. गिअर ऑइल. व्हिडिओतला माणूस ठामपणे सांगतो की जुनं ऑइल पातळ होतं आणि गिअर अडकतात. रिंगबद्दल तो काही बोलला नाही, पण ते त्यातच आलं.

दि. १८ मार्च, मंगळवार
पद्धतशीर तपासणी केली. पहिला ते पाचवा गिअर, उत्तम. क्लच, उत्तम. आवाज नाही. रिव्हर्स, नाही. सहापैकी पाच म्हणजे फर्स्ट क्लास.

प्रियंका म्हणाली, मी एकदा बसून बघू का. म्हटलं, बिघडलेल्या गाडीला शिकाऊ माणसानं हात लावू नये, रोग वाढतो. मग म्हणाली, मेकॅनिकला दाखवा. म्हटलं, मेकॅनिक गाडी बघत नाही, माणूस बघतो. ती उठून आत गेली. माझा मुद्दा तिला पटलेला दिसतो.

संकल्प: ऑइल स्वतः बदलणार. रविवारी.

दि. २० मार्च, गुरुवार
रिव्हर्सशिवाय जगता येतं. थोडं डोकं लागतं एवढंच. ऑफिसात उतारावर, तोंड चढाकडं करून लावतो. हँडब्रेक सोडला की आपोआप मागं येते. रोज वळसा घालून जातो, त्यामुळं शहराचे नवे भाग बघायला मिळतात. पेट्रोल जास्त जातं, पण अनुभवही येतो.

संध्याकाळी ऑइल आणायला भवानी पेठेत गेलो. एक बोळ सोपा वाटला म्हणून शिरलो. बोळ संपला तो थेट पॉवरलूमच्या दारात. आतून चार कामगार बाहेर आले, मशीन बंद करून. ढकलत ढकलत मला मेन रोडपर्यंत मागं आणलं. आपसात तेलुगूत बोलत होते आणि फार हसत होते. मला तेलुगू येत नाही, पण गाडीचं कौतुक चाललं असावं.

स्पेअर पार्टच्या दुकानात महादेवप्पांनी विचारलं, काय त्रास आहे. सांगितलं, रिव्हर्स नाही. ते म्हणाले, "गाडी दारातच हाय की तुमची. हात घालून बघतो, पाच मिनटाचं काम." म्हटलं, नको, मला मूळ कारणावर काम करायचंय. दोन लिटर गिअर ऑइल, एक लांब नळी, एक नरसाळं आणि पान्यांचा सेट घेतला.

दि. २३ मार्च, रविवार
ऐतिहासिक दिवस.

सकाळी गाडी चारही बाजूंनी सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवली. महेश्वर गॅलरीतून बघत होते. त्यांना म्हटलं, या, शिकायला मिळेल. ते आत गेले.

गिअरबॉक्सला दोन नट असतात. खालच्यातून जुनं तेल काढायचं, वरच्यातून नवं भरायचं. खालचा नट पहिल्या फटक्यात निघाला. तेल धरायला काही नव्हतं म्हणून घरातली भाकरीची परात घेतली. प्रियंका तेव्हा देवळात गेली होती, त्यामुळं चर्चेचा प्रश्न आला नाही. जुनं ऑइल काळंकुट्ट निघायला पाहिजे होतं. मधासारखं स्वच्छ निघालं. म्हणजे बिघाड वाटला त्यापेक्षा खोल आहे.

वास मात्र भयंकर. सडलेली अंडी आणि जळालेला लसूण. शर्टाला लागला, केसांना लागला. मधेच दोन वेळा गाडीत बसून गिअर टाकून बघितले, तेव्हा मुठीला आणि सासूबाईंच्या दोऱ्यालाही लागला.

मग भरायचा नट. तो निघेना. जोर लावला, पाय लावला, मारुतीचं नाव घेतलं. निघेना. आता परिस्थिती अशी की जुनं तेल बाहेर आहे, नवं तेल बाटलीत आहे आणि गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत आहे. वरचा नट आधी उघडून बघायचा आणि मगच खालचा काढायचा, असं व्हिडिओच्या शेवटी सांगितलंय. हे सुरुवातीला सांगायला पाहिजे. कमेंट केली.

प्रियंका आली. परात बघितली. काय म्हणाली ते लिहीत नाही.

दि. २४ मार्च, सोमवार
स्कूटीवर ऑफिसला. मार्चअखेर असल्यानं सगळे कामात, तरी शेजारच्या टेबलावरच्या उत्कर्षा मॅडमनी खिडकी उघडली. मग पंखा वाढवला. मग स्वतःच रेकॉर्ड रूममध्ये बसायला गेल्या. दोन आंघोळी झाल्यात माझ्या, आणखी काय करायचं.

दि. २६ मार्च, बुधवार
नट निघाला.

मी गाडीखाली उताणा, प्रियंका बाजूला टॉर्च धरून बसलेली. अर्धा तास झुंजलो. मग ती म्हणाली, "अहो, तुमी आवळताय त्यो." मी समजावून सांगितलं की उताणं झोपल्यावर डावं-उजवं बदलतं, हा विषय थोडा तांत्रिक आहे. तरी तिचं मन राखायला उलट फिरवून बघितला. योगायोगानं निघाला.

नळी बॉनेटमधून खाली सोडली, वर नरसाळं लावलं. प्रियंकानं ओतायचं आणि मी खालून "बास" म्हणायचं. मी "बास" म्हणालो, पण तोंडात ऑइल असल्यानं तिला नीट ऐकू गेलं नाही. असो. लेव्हल परफेक्ट आहे. भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचं असतं आणि आपल्याकडं तर पार्किंगभर आलं.

महेश्वर यांनी फरशी पुसून घेण्याची विनंती केली. विनंती लेखी आहे.

दि. २७ मार्च, गुरुवार
गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरवली. पहिला लोण्यासारखा. दुसरा लोण्यासारखा. रिव्हर्स नाही.

रिंग तसूभर हलत नाही. शांतपणे विचार केला. ऑइल नवं, लेव्हल बरोबर, तरी रिव्हर्स नाही, म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागणार. मोठं काम आहे. एप्रिल जाईल, मे पण जाईल. प्रियंकाला सांगितलं, एक तारखेचं जमणार नाही, अशी गाडी तुझ्या हातात देणं बेजबाबदारपणा होईल.

वाटलं, भांडेल. भांडली नाही. एवढंच म्हणाली की पाचला उठून पहिली एसटी धरीन आणि पुढचे चार किलोमीटर चालत जाईन, लसीचा डबा जड असतो पण होईल सवय. मग भाकऱ्या करायला बसली, ताटात पीठ मळून, कारण परात अजून गॅलरीत उन्हात ठेवलीय.

जेवण गेलं नाही. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. का वाटायला पाहिजे होतं ते कळत नाही. ॲसिडिटी असावी.

दि. ३० मार्च, रविवार. पाडवा.
रिव्हर्स पडला. माझ्या ऑइलनं काम केलं.

झालं असं. सकाळी मी गॅलरीत गुढी बांधत होतो. प्रियंका गाडीची पूजा करायची म्हणून खाली बादली घेऊन गेली. गाडी चालो न चालो, पाडव्याला हार पडला पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी काठीला साडी गुंडाळतोय आणि खाली बघतो तर गाडी मागं चाललीय. भिंतीपासून सुटून, सरळ, हळूहळू, वळण घेऊन गेटकडं. मला वाटलं हँडब्रेक सुटला. गुढी हातात घेऊनच तीन जिने उतरलो. आत प्रियंका बसलेली. काच खाली केली.

तिचं म्हणणं असं: मुठीला आणि लोकरीच्या दोऱ्याला ऑइलचा इतका घाण वास येत होता की पूजेला बसवेना. म्हणून दोरा कात्रीनं कापून काढला, मूठ साबणानं पुसली, रिंग उचलली तर उचलली गेली. दोऱ्यानंच ती आवळून धरली होती. आईला यातलं काही सांगू नका म्हणाली, दुसरा दोरा आपण आरशाला बांधू.

हे तिचं मत. तांत्रिक बाजू वेगळी आहे. कुठलंही ऑइल मुरायला तीन-चार दिवस घेतं आणि रिव्हर्स गिअर सगळ्यात कोपऱ्यात असतो, तिथं ते शेवटी पोचतं. ते आज पोचलं. दोरा नेमका त्याच वेळी कापला गेला. शिवाय माझं ऑइल नसतं तर वास नसता आणि वास नसता तर तिनं दोरा कापलाच नसता. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी श्रेय ऑइललाच जातं.

हे तिला सांगितलं. तिनं इंजिन बंद केलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमाला गाडी द्यायची नव्हती का गिअर पडत नव्हता, तेवढं एक सांगा."

म्हटलं, गिअर.

"मग आता पडतोय की."

गुढी फार जड झाली होती. वर गेलो.

दि. १ एप्रिल, मंगळवार
आठ वाजता प्रियंका निघाली. मी मागं उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करत होतो. काचा बंद होत्या, तिला ऐकू गेलं नसणार. एका दमात बाहेर काढली. महेश्वर गॅलरीतून टाळ्या वाजवत होते. एवढं काही नव्हतं त्यात.

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. तीन फोन केले. पहिला टायरच्या हवेबद्दल, दुसरा गिअरबद्दल, तिसरा सहज. तिसऱ्याला तिनं सांगितलं की लसीकरण चालू आहे, पोरं रडतायत, ठेवते.

संध्याकाळी सहापासून गॅलरीत होतो. ऑइल लीक बघायचं होतं. सातला आली. लीक नाही. खाली गेलोच होतो म्हणून तिची पिशवी वर आणली. चेहरा उन्हानं रापलेला, पण हसत होती. सगळं गाव गाडी बघायला आलं म्हणे. मला बरं वाटलं. गाडीबद्दल.

दि. २ एप्रिल, बुधवार
स्कूटी सुरू होईना. व्हिडिओ बघितले. स्कूटीला गिअर नसतात, त्यामुळं निदान अवघड आहे. बाजूचं झाकण उघडायला पाना काढला, तेवढ्यात प्रियंकानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाली, चला, सोडते.

पुढच्या सीटवर बसायला गेलो तर तिथं लसीचा डबा. तिनं त्याला सीटबेल्ट लावलेला. थंड राहायला पाहिजे आणि हलायला नको. मी मागं बसलो. मागून स्पष्ट जाणवतं, गिअर किती सहज पडतात. ऑइल योग्य वेळी बदललं. आणि एक गोष्ट, बाहेर बघत बसायला मिळतं. सात रस्ता चौकात इतकी झाडं आहेत हे माहीत नव्हतं.

ऑफिसच्या दारात उतरताना तिनं विचारलं, न्यायला किती वाजता येऊ. साडेपाच म्हणालो. उत्कर्षा मॅडमनी बघितलं होतं. त्यांना सांगितलं, ड्रायव्हर ठेवलाय.

साडेपाचला प्रियंकाचा फोन. मीटिंग लांबलीय, रिक्षानं या. उत्कर्षा मॅडम शेजारीच उभ्या होत्या. विचारलं, ड्रायव्हर आला नाही का. म्हटलं, आज सुट्टी दिलीय.

रिक्षात गर्दी, म्हणून पुढं रिक्षावाल्याशेजारी बसलो. त्याचा सेकंड गिअर अडकत होता. त्याला ऑइलबद्दल समजावून सांगितलं, जुनं-नवं, वरचा नट, खालचा नट, मुरायला लागणारे दिवस. त्यानं मला आमच्या जुळे सोलापूरच्या बऱ्याच अलीकडं उतरवलं.

उरलेलं चालत आलो. गाडी माझ्याआधी पोचली होती. रिव्हर्समध्ये लावलेली, तोंड रस्त्याकडं.