काकांच्या नावावरची गाडी

आमच्या शोरूमवाल्या भाच्यास,

१४ मार्चला सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पोलीस दारात आला आणि सिग्नल तोडल्याबद्दल तुझ्या काकांना शोधू लागला. काका जानेवारीत गेले.

आजारपणात त्यांनी गाडी तुला विकली, तेव्हा म्हणालास, "मावशी, नाव बदलायचं माझ्यावर सोडा." तू ती तशीच गिऱ्हाइकांना फिरवायला देतोस. भिंतीवरचा विक्रेत्याचा परवाना काय शोभेला लावलायस? चाळीस वर्षांत ज्यांनी एक सिग्नल तोडला नाही, त्यांना मेल्यावर तू गुन्हेगार केलंस.

पत्र टाकत नाही. तुमचं टपाल ताई, म्हणजे तुझी आई, उघडते आणि तिला तू अजून सज्जन वाटतोस. फोनवर फक्त मुदत सांगीन: शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नाव बदलल्याचा कागद आणि इतके दिवस का बदललं नाहीस याचं लेखी उत्तर. नाहीतर हे पत्र तिला मीच वाचून दाखवीन.

अजून तरी तुझी,
मावशी