बाबा, गिधाडं बघितली

बाबा, परवा मी गिधाडं बघितली. तुमची दुर्बीण गळ्यात होती, तीच, डाव्या काचेला बुरशी धरलेली, पण डोळ्याला लावायची गरजच पडली नाही, इतकी जवळ.

काकांनी पार्सिपनीहून, म्हणजे अमेरिकेतल्या त्यांच्या घरून, सगळ्यांना गाडीत घालून नेलं होतं, इथल्याच एका सफारी पार्कात. काचा वर करून फिरायचं. मध्ये एका ठिकाणी आफ्रिकेचं माळरान केलंय, पिवळं गवत, बाभळीसारखी चार झाडं, आणि तेवढ्यापुरतं खाली उतरून कुंपणापाशी उभं राहता येतं. शहामृग होते, डोक्यावर सोनेरी तुरा असलेले क्रौंच होते. तुम्ही असता तर तासभर हलला नसता. काकांची मुलगी कानात वॉकमन घालून म्हणाली, "कॅन वी गो नाउ?" आणि मला आपला तलाव आठवला. रविवारची सकाळ, मी सायकलच्या दांडीवर, आणि तुम्ही हळूच सांगताय, तो बघ वंचक, चिखलच उभा राहिलाय जणू. टिटवी, खंड्या, धोबी, सगळ्यांची ओळख तुम्हीच करून दिली. फक्त एकदा परत येताना वस्तीबाहेरच्या पडीत मेलेला बैल होता आणि त्यावर ती बसली होती, मान आत खुपसून. मी म्हटलं, "बाबा, थांबा ना." तुम्ही म्हणालात, "तिकडं बघायचं नाही." "पण पक्षीच आहेत ना?" तुम्ही पायडल जोरात मारलं. घरी मोरीत हात धूत होतात, धुण्यासारखं काही नसताना, तेव्हा बोललात. "तुझे आजोबा त्यांच्या शेजारी बसून कातडं सोलायचे. गावात ढोर मेलं की ओढायला आपलंच घर. दीक्षा घेऊन आले आणि ती दोरी विहिरीत टाकली. मला ते पक्षी दिसत नाहीत, दोरी दिसते." पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही काविळीनं गेलात. आणखी काही विचारायचं राहूनच गेलं.

तर कुंपणापाशी. तिथली कामवाली, म्हणजे कीपर, गोरी, पन्नाशीची बाई, हातगाडीवर मेलेलं वासरू घेऊन आली. अशी मेलेली वासरं आसपासच्या गोठ्यांतून येतात म्हणे. गाडीचं चाक फाटकाशी चिखलात रुतलं. तिनं वासराच्या पायाला दोरी बांधली, ओढून बघितलं, आणि माझ्याकडे बघून हाक मारली, जरा हात लाव. काका मागून म्हणाले, "चल, गाडीत बस." मी दोरी धरली होती. दोघांनी मिळून फाटकाच्या आत ओढलं. पंख कापलेली गिधाडं उडत नाहीत, धावत येतात, म्हाताऱ्यांसारखी, खांदे वर करून. बाईनं विचारलं, काम करशील का, माणूस हवाय. मी हो म्हटलं, सोमवारपासून. तुम्हाला माहीत नाही, इथं येऊन मी कॉलेज सोडलं, पेट्रोल पंपावर काम केलं, मोटेलात केलं, कुठंच टिकलो नाही. इतक्या पटकन हो कुणालाच म्हटलं नव्हतं.

घरी किचनमध्ये काका उभेच राहिले. चिडले की त्यांची नागपुरी बाहेर येते. "काहून केलं तू हे? माझ्या बापानं फेकलेली दोरी तू अमेरिकेत येऊन उचलली?" मी म्हटलं, "काका, ती बाई दुपारी सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवते. तिला मॅम म्हणतात." काकू भांडी पुसायची थांबली. काका हळू बोलले, ते जास्त लागलं. "तिला उद्या सोडता येतं. आपल्याला सुटत नव्हतं, म्हणून फेकावं लागलं. सोमवारी तिथं गेलास तर या घरात परत येऊ नको."

सॅक भरून ठेवलीये. कीपरबाईच्या ट्रेलरमागे, म्हणजे चाकांवरच्या घरामागे, एक खोली आहे, तिथं राहीन. काकांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मध्येच एक, आई फोनवर सांगत होती की आपल्याकडे आता गिधाडं उरलीच नाहीत. का, कुणाला माहीत नाही. पडीत गुरं नुसती सडतात, कुत्री तोडतात, वास वस्तीपर्यंत येतो. म्हणजे ज्यांच्याकडे तुम्ही पाठ फिरवली होती ती नाहीशी झाली, आणि मी बघतोय ती पंख कापलेली.

शेवटचं एक काकांना बोललो नाही, आणि तुम्ही असता तर तुम्हालाही लिहिलं नसतं. ती दोरी ओली होती, हाताला वास राहिला. घरी येऊन मी बेसिनपाशी उभा राहिलो, तुमच्यासारखाच, नळ सोडला. आणि हात धुतले नाहीत.