कॉफीवरचा तांबेरा

बाई, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि गेले दोन महिने मला पुन्हा तुमची भीती वाटते आहे. शाळेत वाटायची तशी नाही.

दहावीला असताना मी रविवारी सकाळी खडकीहून तुमच्याकडे जीवशास्त्र शिकायला यायचे. स्वयंपाकघरात तुम्ही जायफळ घालून कॉफी करायचात. एकदा विचारलंत, "ही कॉफी मुळात आली कुठून?" मी म्हटलं, "बुधवार पेठेतून." "वा, भूगोलाचीही शिकवणी लावावी लागणार," असं म्हणून तुम्ही सांगत बसलात. झाड इथिओपियाच्या जंगलातलं, तिथून ते येमेनला गेलं. हजहून परतणाऱ्या एका फकिराने सात बिया लपवून आपल्याकडच्या डोंगरात आणल्या म्हणतात. डचांनी ती जावाला नेली, आणि युरोपातल्या काचघरांतल्या मोजक्या रोपांपासून पार अमेरिकेत मळे उभे राहिले. "म्हणजे जगभर ही सगळी सख्खी भावंडं. एकाला बाधलं की सगळ्यांना बाधणार. सिलोनची कॉफी तांबेऱ्याने, पानांवरच्या बुरशीने, अशीच गेली, म्हणून तिथे चहा आला." मग कुणीतरी कुर्गहून पाठवलेलं तसंच रोगट पान तुम्ही माझ्यासमोर ठेवलंत. मी त्यावर बोट फिरवलं आणि तेच बोट तुमच्या कुंडीतल्या कॉफीच्या रोपाला लावायला गेले. तुम्ही मनगट घट्ट धरलंत. "आधी हात धू. रोगाला पाय नसतात, तुझ्यासारखी माणसं त्याला पोचवतात." माझे डोळे भरून आले, तेव्हा तुम्ही कप पुढे सरकवलात.

आता मी खराडीतल्या एका कंपनीसाठी कॉफी खरेदी करते. पावसाळा सरताना कुर्गला गेले होते. पहिल्याच मळ्यात पानांच्या मागे नारिंगी पूड. मालक म्हणाले, "या जातीला तांबेरा लागत नाही म्हणायचे. आता हवाच ओळखीची राहिली नाही." दुसऱ्या सकाळी मी पलीकडच्या डोंगरावर एका वयस्कर बाईंच्या मळ्यात गेले. तिथे एकही पान डागाळलेलं नव्हतं. त्या कौतुकाने ओळीओळीतून मला फिरवत होत्या आणि मी पानं उलटून बघत होते. अंगात आदल्या दिवशीचंच जाकीट होतं, पायात तेच बूट. बाह्यांवरची पूड मला परतीच्या गाडीत दिसली.

महिन्याने त्यांचा फोन आला. "पानांवर डाग आलेत. तुम्ही आलात तेव्हा होते का हो?" मी म्हटलं, "नव्हते." तांबेरा वाऱ्यानेही मैलोन् मैल जातो, हे मी दिवसातून दहादा स्वतःला सांगते. ऑफिसातला मुलगा म्हणतो, "मॅम, चिल. इथलं गेलं तर ब्राझीलचं घेऊ." ब्राझीलच्या मळ्यांतही तांबेरा आहे, हे मी त्याला जरा जोरातच सांगितलं.

आज त्यांचा पुन्हा फोन होता. निम्मी पानं गळली आहेत. "एकदा येऊन बघा, तुमच्या नजरेवर माझा भरवसा आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, मला ताप आहे.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिता आलं. मला ताप नाही, बाई.